बारावीनंतरच्या अर्जासाठी रेझ्युमे: कोल्हापूरच्या मुलामुलींनी सुरुवात कुठून करायची?

रविवारी सकाळी माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं येतात. कुणी शिवाजी पेठेतलं, कुणी कागल-राधानगरीकडून पहिल्या एसटीनं आलेलं. हातात प्लास्टिकची फाईल, आत सर्टिफिकेटं, आणि तोंडात ठरलेलं एक वाक्य: "मॅडम, माझ्याकडं रेझ्युमेत लिहिण्यासारखं काहीच नाही."

मागे एका मुलीनं हेच सांगितलं. मी तिला सहज विचारलं, "सकाळी उठतेस किती वाजता?"

"पावणेपाचला."

"एवढ्या लवकर अभ्यासाला?"

"न्हाई. डेअरीत जाते की. दूध मापायला."

गावातल्या दूध संस्थेत ती अकरावीपासून रोज सकाळी संकलनाचं काम करत होती. फाईलमध्ये मात्र त्याचा एक कागद नव्हता. होतं ते दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेचं रंगीत सर्टिफिकेट, लॅमिनेट केलेलं. हा लेख मी अशा मुलांसाठी लिहिते आहे. तुम्ही जे खरोखर करता ते कागदावर येत नाही, आणि जे नावापुरतं केलं तेच येतं. ही गोष्ट दुरुस्त करता येते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

आधी बघा, तुम्हाला रेझ्युमे लागणार आहे का

सगळ्यांना लागत नाही. इंजिनिअरिंग आणि फार्मसीला एमएचटी-सीईटी, मेडिकलला नीट, आयआयटीला जेईई. तिथं गुण बघतात आणि डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी असले दाखले बघतात. तुमचा रस्ता तोच असेल तर हा वेळ अभ्यासाला द्या आणि दाखले वेळेत काढून ठेवा.

रेझ्युमे, किंवा त्यातली माहिती, लागते ती दुसरीकडे. सोनिपतचं अशोका किंवा पुण्याचं फ्लेम अशा खासगी विद्यापीठांच्या अर्जात गुणांबरोबर तुम्ही वर्गाबाहेर काय केलं हे विचारतात, निबंध मागतात, मुलाखत घेतात. मुळशीजवळच्या यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजमध्ये आयबी या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमासाठी दहावी-अकरावीची मुलं अर्ज करतात, तिथंही हेच. शिवाय शिष्यवृत्त्या आहेत.

अमेरिकेतली बरीच कॉलेजं 'कॉमन अ‍ॅप' या एकाच ऑनलाइन अर्जावर प्रवेश देतात. त्यात तुमच्या कामांसाठी दहा जागा असतात. प्रत्येक कामाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, मधल्या मोकळ्या जागा धरून. बक्षिसांसाठी वेगळ्या पाच जागा. आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हेही भरावं लागतं. म्हणजे तिथं वेगळा रेझ्युमे जोडा अगर न जोडा, तयार रेझ्युमे असेल तरच तो अर्ज धड भरता येतो. इंग्लंडचा 'यूकास' अर्ज वेगळा आहे. २०२६ च्या प्रवेशापासून तिथल्या वैयक्तिक निवेदनात तीन ठरावीक प्रश्न आहेत, तिन्ही मिळून ४,००० अक्षरं. तिथं तुम्ही निवडलेल्या विषयाशी ज्याचा संबंध आहे तेच आधी सांगायचं. नुसती कामांची यादी तिथं चालत नाही.

एक वही घ्या आणि आईजवळ बसा

लगेच मोबाईलवर टेम्प्लेट शोधायला जाऊ नका. दोनशे पानी वही घ्या. चार पानांवर नववी, दहावी, अकरावी, बारावी अशी नावं घाला. मग जून ते मे एकेक महिना आठवत जे केलं ते लिहा. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, इंग्रजी शोधायचं नाही, मराठीतच लिहायचं.

हे काम आईजवळ किंवा आजीजवळ बसून करा असं मी आग्रहानं सांगते. आपण स्वतः जे रोज करतो ते आपल्याला दिसत नाही. आई म्हणते, "अरे, गेल्या दिवाळीपास्नं बाबांच्या वर्कशॉपची बिलं तूच करतोयस की." मुलगा म्हणतो, "ते काय लिहायचं?" तेच लिहायचं. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं छोटं शॉप असेल आणि तुम्ही शनिवारी तिथं बसून जॉबची मापं वहीत उतरवत असाल तर ते लिहा. हुपरीत घरी पैंजणांची जोडणी चालते आणि तुम्ही झाळकामाला बसता, लिहा. धाकट्या भावाला रोज शाळेत सोडणं, आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणं, लिहा. कॉमन अ‍ॅपमध्ये कामाचा प्रकार निवडायच्या यादीत 'पगारी काम' आहे आणि 'कौटुंबिक जबाबदारी' सुद्धा आहे. पलीकडे वाचणाऱ्यांना हे हवं असतं म्हणूनच ते तिथं ठेवलं आहे.

शिकायला कोल्हापुरात येऊन राहिलेल्या मुलांना एक वेगळं सांगायचं आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं एकेका समाजाची वसतिगृहं इथं उभी राहिली. म्हणून तर या शहराला वसतिगृहांची जननी म्हणतात. आजही कितीतरी मुलं बोर्डिंगात राहून शिकतात आणि मेसचा हिशेब, बाजारहाट, पाण्याच्या पाळ्या स्वतःच बघतात. चाळीस मुलांच्या मेसचा महिन्याचा जमाखर्च सोळाव्या वर्षी सांभाळणं ही मोठी गोष्ट आहे. ती वहीत पहिल्या पानावर यायला हवी.

वही भरली की दुसऱ्या रंगाच्या पेनानं प्रत्येक नोंदीसमोर चार गोष्टी लिहा: किती तास, किती महिने, किती माणसं किंवा किती रुपये, आणि तुम्ही गेल्यामुळं काय वेगळं झालं. चौथ्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी काहीच सुचणार नाही. तिथं रिकामंच ठेवा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. रेझ्युमेत साधारण नववीपासूनचं घेतात. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात तुम्ही लहान असताना छावणीत भाकरी वाटल्या असतील, तर ती आठवण रेझ्युमेत बसत नाही. ती निबंधासाठी राखून ठेवा, तिथं तिला जागा मिळेल.

एक ओळ कशी घडते

आता त्या डेअरीच्या मुलीकडे परत येते, कारण सगळं काम या एका टप्प्यावर आहे.

पहिल्या खेपेला तिनं लिहून आणलं: "गावातील दूध संस्थेत मदत केली. समाजसेवेची आवड."

हे वाचून सोनिपतच्या किंवा बोस्टनच्या माणसाला काय समजणार? मी वही बाजूला ठेवली आणि म्हटलं, काल सकाळी काय झालं ते नुसतं सांग. ती सांगू लागली. साडेपाचला शटर उघडतं. लोक किटल्या, बादल्या घेऊन रांगेत. दूध काट्यावर जातं, नमुना यंत्रात जातं, पडद्यावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं. ती ते वाचते, उत्पादकाचा नंबर टाकते, पावती देते. गाईचं दूध वेगळं, म्हशीचं वेगळं, दर वेगळा. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्याच्या आदल्या दिवशी ती आणि सचिव वहीतले आणि संगणकातले आकडे ताळून बघतात.

मग तिनं एक गोष्ट सांगितली. एका आजोबांच्या म्हशीचं फॅट नेहमी सातच्या आसपास यायचं. एक दिवस ५.८ आलं. आजोबा चिडले, यंत्र खोटं म्हणाले. रांग खोळंबली. तिनं किटली बघितली, तर दूध बराच वेळ ठेवलेलं होतं, साय वर आली होती आणि नमुना न ढवळता घेतला होता. तिनं दूध ढवळून पुन्हा नमुना लावला. ६.९ आलं. तेव्हापासून ती प्रत्येक किटली ढवळल्याशिवाय नमुना घेत नाही, आणि संध्याकाळच्या पाळीतल्या मुलालाही तिनं ते सांगून ठेवलं.

हे सांगताना ती पहिल्यांदा मान वर करून बोलत होती.

मग आम्ही वेळ मोजला. साडेपाच ते सव्वासात म्हणजे पावणेदोन तास, आठवड्यातून सहा दिवस, साडेदहा तास; वरचा अर्धा तास सोडून आम्ही १० धरले. परीक्षेचे आणि आजारपणाचे आठवडे वजा केले तर वर्षाला ४४ आठवडे. तयार ओळ अशी झाली:

"दूध संकलन सहायक (मानधनावर), गावची सहकारी दूध संस्था. अकरावी ते बारावी, आठवड्याला १० तास, वर्षाला ४४ आठवडे. रोज सकाळी ९० उत्पादकांचं दूध मोजून फॅट व एसएनएफची नोंद. दहा दिवसांच्या बिलाआधी हिशेबाची पडताळणी. नमुना घेण्याआधी दूध ढवळण्याची पद्धत दोन्ही पाळ्यांत सुरू केली."

आधीच्या ओळीत 'मदत' होती, 'आवड' होती. आताच्या ओळीत मोजणं आहे, नोंद आहे, पडताळणी आहे, सुरू करणं आहे. इंग्रजीत नेताना हाच नियम पाळा: 'हेल्प्ड', 'पार्टिसिपेटेड', 'इन्व्हॉल्व्ह्ड' हे शब्द खोडून टाका आणि हातानं जे केलं ते क्रियापद घ्या. 'मेझर्ड', 'रेकॉर्डेड', 'रिपेअर्ड', 'टॉट', 'कूक्ड'. साधे शब्द पुरतात. 'लीडरशिप स्किल्स', 'पॅशनेट', 'हार्डवर्किंग' असले शब्द लिहून कुणाला काही कळत नाही. पावणेपाचला उठणारी मुलगी मेहनती आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

मानधन मिळत होतं म्हणून तिला वाटत होतं की हे 'अ‍ॅक्टिव्हिटी'त धरत नाहीत. धरतात. पगारी काम सांगायला अजिबात लाजू नका. आणि आठवड्याचे तास फुगवू नका: शाळा, क्लास, झोप आणि तुम्ही लिहिलेले सगळे तास यांची बेरीज आठवड्याच्या १६८ तासांत बसली पाहिजे. वाचणारे ती बेरीज करू शकतात.

कोल्हापूर बाहेरच्या माणसाला समजावून सांगा

"अमुक तालमीकडून फुटबॉल खेळतो" असं लिहिलं की आपल्याकडे सगळं कळतं. शाहू स्टेडियमवरची गर्दी डोळ्यासमोर येते, पेठांची ईर्ष्या कळते. बाहेरच्या माणसाला 'तालीम' म्हणजे कुस्तीचा आखाडाही माहीत नसतो, मग तालमीचा फुटबॉल संघ कुठून कळणार? म्हणून चार-पाच शब्दांत सांगा: शंभर वर्षांची कुस्तीची परंपरा असलेल्या शहरातला पेठेचा क्लब, वयोगट कोणता, तुम्ही कुठल्या जागेवर खेळता, सराव किती दिवस.

शालेय स्पर्धांचं लिहिताना पातळी सांगा: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. 'प्रथम क्रमांक' एवढंच लिहिलं तर कशात प्रथम, किती जणांत प्रथम हे समजत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या राज्य सरकारच्या चित्रकला परीक्षा आहेत हे लिहा आणि श्रेणी द्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या किंवा गायनाच्या परीक्षा दिल्या असतील तर नुसतं 'मध्यमा पूर्ण' लिहू नका, प्रारंभिकपासून मोजून ती कितवी पायरी आहे ते लिहा. एनसीसीचं 'ए' सर्टिफिकेट, स्काउटचा राज्य पुरस्कार, इन्स्पायर मानकचा प्रकल्प यांनाही प्रत्येकी अर्धी ओळ समजावणीची द्या.

गणेश मंडळाबद्दल मुलं विचारतात, लिहू का? नुसता सभासद असाल तर नको. वर्गणीची पावतीपुस्तकं सांभाळली असतील, खर्चाचा तक्ता मंडळाच्या बैठकीत मांडला असेल, तर नक्की लिहा, रकमेसकट.

शिक्षणाच्या भागात मंडळाचं पूर्ण नाव, दहावीची टक्केवारी आणि अकरावीचे गुण. टक्क्यांचा जीपीए (अमेरिकेतली गुणांची सरासरी श्रेणी) स्वतः करून लिहू नका. गुणपत्रिकेवर जे आहे तेच द्या, बदल करायचा असेल तर तिथले कॉलेजवाले करतात. मराठी माध्यमातून दहावी झाला असाल तर तसं स्पष्ट लिहा. कुटुंबात कॉलेजला जाणारे पहिलेच असाल तर तेही लिहा. वाचणाऱ्याला तुमचे गुण कुठल्या जमिनीत उगवले ते कळतं.

माझ्याकडून झालेली चूक

सुरुवातीच्या काळात मीच एका मुलाला सांगितलं होतं की जागा रिकामी दिसते, आणखी दोन-तीन गोष्टी घाल. त्यानं 'समाजसेवा' म्हणून रंकाळ्यावरच्या एका दिवसाच्या स्वच्छता मोहिमेची ओळ घातली. गेला होता तो, तासभर. मुलाखतीत समोरच्यांनी नेमकी तीच ओळ धरली: तिथं कुठला कचरा जास्त होता, तुम्ही पुन्हा का गेला नाहीत? तो गप्प बसला. त्या एका ओळीमुळं पुढच्या सगळ्या उत्तरांत त्याचा आवाज गेला, आणि त्याला खरोखर येत होतं ते राहूनच गेलं. घरच्या ऊस शेतीचं ठिबक तो स्वतः दुरुस्त करायचा, व्हॉल्व्ह उघडून दाखवू शकला असता.

तेव्हापासून मी प्रत्येक ओळीला एक कसोटी लावते. या ओळीवर पाच मिनिटं बोलता येईल का? येत नसेल तर ती काढायची, जागा रिकामी राहिली तरी चालेल. सहा खऱ्या ओळींचा रेझ्युमे पूर्ण असतो.

याच कारणासाठी पैसे भरून मिळणाऱ्या 'इंटर्नशिप', 'आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड', 'यंग लीडर' अशा सर्टिफिकेटांच्या मागे लागू नका. वडिलांचे काही हजार रुपये जातात आणि पाच मिनिटं बोलण्यासारखं हाताला काही लागत नाही. चॅटजीपीटीकडून इंग्रजीच्या चुका काढून घ्यायला हरकत नाही, पण 'आणखी प्रभावी कर' असं सांगितलं की ते तुमच्या नावावर तुम्ही न केलेलं काम चढवतं. एकेक शब्द परत तपासा.

कागदाची मांडणी

झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा बायोडाटाचा नमुना वापरू नका. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, फोटो, आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र आणि सही असते. यातलं काही नको. आधार क्रमांक तर कुठंच लिहू नका.

ए-फोर आकाराचं एक पान. वर नाव, गाव, मोबाईल, ईमेल. ईमेल आपल्या नावाचा साधा नवीन काढा. त्याखाली शिक्षण, मग कामं, मग बक्षिसं, शेवटी भाषा आणि कौशल्यं. कामांचा क्रम तारखेनं लावायची सक्ती नाही, ज्याला तुम्ही सगळ्यात जास्त वेळ आणि जीव दिला ते सगळ्यात वर. भाषांमध्ये मराठी लिहायला विसरू नका, घरी कन्नड बोलत असाल तर तीही. काळी शाई, एकच साधा फाँट, ११ चा आकार. गुगल डॉक्स मोबाईलवर फुकट चालतं.

नावाचा घोळ मात्र आधी मिटवा. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव येतं. पासपोर्टवर वेगळी रचना असू शकते. स्पेलिंगही एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं. पासपोर्टवर जे आहे तेच सगळ्या अर्जांत, आणि पासपोर्ट काढायचा असेल तर तो दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळवूनच काढा.

शिक्षकांना द्या, वेळेत द्या

शिफारसपत्र लिहिणाऱ्या सर-मॅडमांसमोर एकेका तुकडीत ऐंशी-शंभर मुलं असतात. तुम्ही सकाळी डेअरीत जाता हे त्यांना माहीत नसतं. रेझ्युमेची एक प्रत त्यांच्या हातात द्या आणि कोणत्या तारखेपर्यंत पत्र हवं ते कागदावर लिहून द्या. कॉमन अ‍ॅपमध्ये 'काउन्सेलर'ची, म्हणजे कॉलेजातल्या मार्गदर्शकाची, माहिती मागतात. आपल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत असं वेगळं पद नसतं, तेव्हा प्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना भेटून आधीच विनंती करा. त्यांना हा अर्ज नवा असेल, तर बाजूला बसून दाखवा.

वेळेचा हिशेब असा धरा: वही अकरावीच्या मे महिन्याच्या सुट्टीत, पहिला मसुदा जुलैत, शिक्षकांकडे गणपतीच्या आधी. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांची लवकरची मुदत १ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या धामधुमीत. त्यानंतर बारावीच्या प्रॅक्टिकल्स आणि बोर्डाची परीक्षा अंगावर येते. दिवाळीनंतर रेझ्युमेला हात लावायची पाळी येऊ देऊ नका.

पाठवण्याआधी पीडीएफ करा, फाईलला स्वतःचं नाव द्या आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा. मग एकदा मोठ्यानं वाचा. आणि ज्यांच्या देखरेखीखाली काम केलं त्यांना ती ओळ दाखवा, मग ते संस्थेचे सचिव असोत, तालमीचे कोच असोत नाहीतर बोर्डिंगचे रेक्टर.

त्या मुलीनं आपली ओळ सचिवांना वाचून दाखवली. त्यांनी काही न बोलता रजिस्टर काढलं, बोटानं मोजत गेले आणि म्हणाले, "९० न्हवं पोरी, ९४." आणि तोच आकडा अर्जात गेला.